कॅलिफोर्निया – एका राज्यात सगळा भूगोल

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काकू, अमेरिकेवर वीस मिनिटं बोला." मी म्हटलं, अमेरिका केवढी आणि वीस मिनिटं केवढी! एकच राज्य घेते, कॅलिफोर्निया. लेक सनीवेलला असते, तिच्याकडे मार्चच्या अखेरीस गेलो आणि गणपतीच्या आधी परत आलो. यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून जाऊ-जाऊ म्हणत चार वर्षं गेली होती. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, आता जाऊन या.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे थोडी शिकवणी सहन करावी लागेल. आपल्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एखादं तरी घर असं आहे की ज्यातलं मूल परदेशात आहे. तेव्हा आज ना उद्या यातलं काही ना काही तुमच्या उपयोगी पडेल.

आधी आकार बघा. महाराष्ट्र ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, कॅलिफोर्निया सुमारे ४ लाख २४ हजार. आपल्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त मोठं राज्य, पण लोकसंख्या चार कोटींच्या आत, म्हणजे आपल्या साधारण एक तृतीयांश. म्हणून शहरं सोडली की तास-तास माणूस दिसत नाही. मुलं म्हणतात "जवळच आहे", तेव्हा किती तास ते विचारून घ्यायचं. तिकडे पाच तासांचा प्रवाससुद्धा जवळचा समजतात.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपल्यासारखाच पश्चिमेला समुद्र. किनाऱ्याला लागून छोटे डोंगर, मग लांबलचक सपाट खोरं आणि पूर्वेला सिएरा नेवाडाची भिंत. तिच्यापलीकडे वाळवंट. आपल्याकडे ढग अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीला धडकतात, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पाडतात आणि फलटण-माणला पोचेपर्यंत रिकामे होतात. तिथेही हेच होतं. पॅसिफिकचे ढग सिएरावर बर्फ टाकून मोकळे होतात आणि पलीकडे डेथ व्हॅलीत वर्षाला पन्नास-साठ मिलीमीटर पाऊससुद्धा कसाबसा पडतो. फरक एवढाच की त्यांचा पाऊस हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा कोरडा ठणठणीत. जूनमध्ये तिथले डोंगर वाळक्या गवताने पिवळे झालेले बघून हे म्हणाले, "हे तर आपलं मे महिन्यातलं दिवे घाट!"

ऋतू उलटा आहे हे ध्यानात ठेवून फिरण्याचा क्रम लावायचा. आम्ही पहिल्यांदा डेथ व्हॅलीला गेलो, एप्रिल उजाडायच्या आत. तिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, जगातलं सर्वांत जास्त. तेव्हा मे ते सप्टेंबर या काळात आपल्या वयाच्या माणसांनी तिकडे फिरकू नये. बॅडवॉटर नावाची जागा समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. पायांखाली पांढरंशुभ्र मीठ, मैलोन् मैल. आणि तिथून सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटरवर माउंट व्हिटनी, उंची ४,४२१ मीटर. कळसूबाईवर आणखी दीड कळसूबाई रचली तरी कमीच पडेल. म्हणजे अलास्का सोडल्यास अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर आणि सर्वांत खोल जागा यांच्यात पुणे ते कराड एवढंही अंतर नाही. हे मी फळ्यावर कितीदा काढून दाखवलं होतं. प्रत्यक्ष पायांखाली मीठ करकरलं तेव्हा कळलं की फळ्यावर त्यातलं काहीच येत नाही.

मेच्या अखेरीला योसेमिटी. हे मे-जूनमध्येच बघायचं, कारण बर्फ वितळून धबधबे तेव्हाच भरलेले असतात. ऑगस्ट-सप्टेंबरला गेलात तर मुख्य धबधब्याची नुसती ओली रेघ उरलेली असते, कधी तीही नसते. तो धबधबा तीन टप्प्यांत मिळून ७३९ मीटर उतरतो. शेजारी एल कॅपिटान नावाचा ग्रॅनाइटचा कडा आहे, साधारण नऊशे मीटर, सिंहगडाच्या चढापेक्षा उंच आणि सरळसोट. हिमनद्यांनी ही दरी कोरून काढली. ही दरी लोकांसाठी राखून ठेवावी असा कायदा अब्राहम लिंकन यांनी सही करून केला तो १८६४ साली, त्यांचं यादवी युद्ध चालू असताना.

याच योसेमिटीच्या हद्दीत हेच हेची नावाची दुसरी दरी होती. होती म्हणते, कारण ती आता पाण्याखाली आहे. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी हवं म्हणून तिथे धरण बांधलं. जॉन म्यूर नावाचा निसर्गवेडा माणूस त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडला, पण १९१३ साली कायदा झाला, पुढच्याच वर्षी म्यूर गेला आणि १९२३ साली धरण उभं राहिलं. तारखा बघा मंडळी. १९२१ साली आपल्या मुळशीत सेनापती बापटांचा सत्याग्रह चालू होता, तोही धरणाविरुद्धच. एकाच काळात पृथ्वीच्या दोन टोकांना एकच भांडण! तिथे दरी बुडाली, इथे माणसांची गावं आणि भाताची खाचरं बुडाली. सॅन फ्रान्सिस्कोत हॉटेलात पाण्याचा ग्लास समोर आला की मला मुळशी आठवायची.

योसेमिटीच्या दक्षिणेला सिक्वोया राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला जनरल शर्मन नावाचा वृक्ष खोडाच्या आकारमानाने जगात सर्वांत मोठा. उंची ८३ मीटर, जमिनीलगत घेर ३१ मीटर, वय साधारण बावीसशे वर्षं. म्हणजे तो रोपटं होता तेव्हा आपल्याकडे जुन्नर-नाणेघाटाच्या बाजूला सातवाहनांचा काळ उगवत होता. या झाडांना वणव्याची गरज असते, हे मला नवीन होतं. साल फूटभराहून जाड असल्याने लहानसहान आग त्यांना लागत नाही. उलट आगीच्या धगीने वाळून शंकू उघडतात, बी पडतं आणि जमीन मोकळी झालेली असते. शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत राहिल्यामुळे खाली काटक्या साठल्या आणि आता आग लागली की भयंकरच लागते. २०२१ च्या वणव्यात शर्मनच्या बुंध्याला चमकता आगरोधक कागद गुंडाळून वाचवावं लागलं.

या झाडाखाली वाट उतरत जाते. उतरताना काही वाटत नाही, चढताना मात्र सगळ्यांची फे फे उडते, कारण जागा दोन हजार मीटरच्या वर आहे. हे तीन ठिकाणी बाकावर बसले आणि प्रत्येक वेळी आम्हाला म्हणाले, "तुम्हाला विश्रांती हवी असेल ना!" अशा जागी हृदयाचं दुखणं असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं.

आता मधलं खोरं. प्रवासी लोक ते गाडीच्या काचेतून बघून पुढे जातात, पण मला विचाराल तर बघण्यासारखं तेच. लांबी पुणे-नागपूर एवढी. जगातले ऐंशी टक्के बदाम इथे पिकतात. मंडईत दुकानदार "कॅलिफोर्निया घ्या ताई" म्हणतो ना, ते इथले. फेब्रुवारीत या झाडांना फुलं येतात, तेव्हा परागीकरणासाठी अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकांत घालून आणतात. आणि द्राक्षं! आपली नाशिक-सांगलीची थॉमसन सीडलेस. हा थॉमसन म्हणजे विल्यम थॉमसन, याच खोऱ्यातला, दीडशे वर्षांपूर्वीचा शेतकरी. आपल्या तासगावकडच्या बागाईतदारांनी त्याच वाणातून निवड करून तास-ए-गणेश काढलं. म्हणजे थॉमसनच्या वेलाला तासगावात गणपतीचं नाव मिळालं. फ्रेस्नोजवळ वेलींच्या ओळींमधे कागदावर द्राक्षं वाळत घातलेली असतात. हे मूळचे तासगावकडचे. गाडी थांबवायला लावून त्यांनी पाच मिनिटं नुसतं बघितलं.

सॅन फ्रान्सिस्कोला जुलैत गेलो. सगळे म्हणाले उन्हाळा आहे. मी स्वेटर घेतला म्हणून वाचले. किनाऱ्याजवळून थंड प्रवाह वाहतो, त्यावरून आलेल्या हवेचं धुकं होतं आणि खोऱ्यातला उन्हाळा जितका कडक, तितकं हे धुकं आत खेचलं जातं. म्हणून भर उन्हाळ्यात शहर गारठलेलं. गोल्डन गेट पूल २७ मे १९३७ ला खुला झाला. मुख्य गाळा १,२८० मीटरचा. बांधताना खाली सुरक्षा जाळी लावली होती, तिच्यामुळे १९ कामगार वाचले, तरी ११ गेलेच. पुलावरून पायी चालायला पैसे लागत नाहीत, ही पुणेकरांसाठी महत्त्वाची माहिती.

पण आपण सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन फक्त पूल बघून येऊ नये. त्या शहरातून १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' हे वृत्तपत्र निघालं, इंग्रजांविरुद्ध. तिथे वुड स्ट्रीटवर गदर स्मारक आहे, मात्र ठरावीक वेळीच उघडं असतं, आधी चौकशी करून जावं. या गदरवाल्यांत बहुतेक पंजाबी शेतकरी आणि कामगार, पण एक आपल्या पुणे जिल्ह्यातला होता. तळेगाव ढमढेरे गावचा विष्णू गणेश पिंगळे. इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेला, १९१४ ला शिक्षण अर्धं टाकून परत आला, सैन्यात उठाव घडवण्याच्या कामाला लागला, मेरठला पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेला. वय सत्तावीस. आपली मुलं त्याच वयाची असताना आपण त्यांच्या विसाच्या मुलाखतीची काळजी करत होतो. मी हे कोणाला बोल लावायला सांगत नाही. पण तळेगाव ढमढेरे इथून तासा-दीड तासावर आहे आणि आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत होतं?

त्याच्याही आधी, १८८८ साली, पंडिता रमाबाई या शहरात आल्या होत्या. अमेरिकाभर फिरून, विधवांच्या शाळेसाठी मदत उभी करून, इथूनच बोटीने जपानमार्गे परत आल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते १८९० ला पुण्यात आलं. त्यांनी अमेरिकेचं प्रवासवर्णन मराठीत लिहिलंय, १८८९ साली छापलं गेलं. आपण शंभर-सव्वाशे वर्षांनी जाऊन फोटो टाकतो, त्या काय बघून आल्या ते एकदा वाचावं.

दक्षिणेकडे निघालो ते समुद्राकाठच्या एक नंबरच्या हायवेने. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे खाली समुद्र. पावसात दरडी कोसळून हा रस्ता वरचेवर बंद होतो, अगदी आपल्या वरंध घाटासारखा, तेव्हा निघण्यापूर्वी बघून घ्यावं. वाटेत मॉन्टेरेचं मत्स्यालय आहे, सार्डिन माशांच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर १९८४ साली उभारलेलं. नातवंडांना घेऊन जायला याहून चांगली जागा नाही. लॉस एंजेलिसला मुलं डिस्नेलँडला नेतात. आपणही जावं, पण बाकावर बसायची तयारी ठेवून. त्यापेक्षा ग्रिफिथ वेधशाळेत संध्याकाळी जा. १९३५ पासून आहे, आत जायला तिकीट नाही, वरून सगळं शहर दिसतं आणि दुर्बिणीतून आकाश.

आणि सॅन होजे. पुणे आणि सॅन होजे १९९२ पासून भगिनी शहरं आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४ चं अधिवेशन तिथेच झालं. तिथे रविवारच्या मराठी शाळा भरतात. नातू जातो. मी त्याच्या वर्गात एकदा सह्याद्री शिकवला. मुलांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथे अस्वलं असतात का?"

थोडं व्यवहाराचं. विसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम किती, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने. ती तारीख मुलांकडून बघून घ्या. विमा काढताना आधीच्या आजारांचं काय, ते लेखी विचारा. औषधं पुरेशी न्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. हापूस नेऊ नका, काढून घेतात. लाडू-चकली चालते, पण विचारलं तर खरं सांगा. राष्ट्रीय उद्यानांतली ज्येष्ठांची सवलत फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना आहे. आणि विमानतळावर व्हीलचेअर मागायला लाजू नका.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं फिरताना गाडीत पाठीमागे एक प्रश्न बसलेला होता. तो मॉन्टेरेला लेकीने विचारला. ती आता तिथली नागरिक आहे, आईवडिलांसाठी अर्ज करू शकते. म्हणाली, "आई, कागदपत्रं सुरू करू का? रात्री दोन वाजता पुण्याचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो." तिचं काही चुकत नाही. बाबांना पुन्हा काही झालं तर ती वीस-बावीस तास दूर. हे बराच वेळ समुद्राकडे बघत होते. मग म्हणाले, "इथे मला दुकानात जायचं तरी तुझी गाडी लागते. तिथे मी पायी जातो."

तेवढ्यात, म्हणजे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, इकडे आमच्या बेडरूमच्या छतातून पाणी उतरलं. इथे रात्रीचे अकरा, तिथे सकाळचे साडेदहा. समोरच्या दारच्या वहिनींकडे किल्ली होती. त्यांनी वॉचमनला घेऊन दार उघडलं, कपाट सरकवलं, बादल्या लावल्या, व्हिडिओवर सगळं दाखवलं आणि मग म्हणाल्या, "आता तुम्ही निवांत फिरा." लेक ते ऐकत होती. त्या दिवसापासून तिने कागदपत्रांचा विषय बंद केला असं नाही. पण ती एवढं म्हणाली, "तिकडे तुम्ही एकटे नाही, हे मला कळलं."

आम्ही परत आलो. पाच वर्षांनी काय करू ते आज सांगता येत नाही. तब्येत जे ठरवेल ते. जे तिकडे राहायला गेले त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. जे इथे राहिले ते हट्टी आहेत असंही कोणी म्हणू नये. पण पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे इथे आलो तेव्हा मुलं लहान होती आणि आवारात क्रिकेटच्या चेंडूने काचा फुटायच्या. आज काचा शाबूत आहेत आणि संध्याकाळी बऱ्याच खिडक्या अंधाऱ्या असतात. तेव्हा या रौप्यमहोत्सवी वर्षात कमिटीला माझ्या तीन विनंत्या आहेत.

एक, ऑफिसात परदेशवारीची नोंदवही ठेवावी: कोण कधी गेलं, कधी येणार, किल्ली कोणाकडे, मुलांचा फोन कोणता. दोन, सगळ्यांनी आपापले नॉमिनेशन फॉर्म या वर्षी भरून द्यावेत. मुलं परदेशात असताना हे राहून गेलं तर मागाहून त्यांना फार धावपळ होते. तीन, जे एकटे राहतात त्यांच्या दारावर रोज सकाळी कोणीतरी हाक मारावी. पाळी लावू. बुधवार माझा.

मुलांना निश्चिंत करायचं असेल तर त्यांना फोनवर "आम्ही मजेत आहोत" म्हणून भागत नाही. शेजारी कोण आहे ते त्यांना माहीत असावं लागतं.

आणि हो, जाऊन जरूर या. गुडघे चालताहेत तोवर जा. योसेमिटी मेमध्ये, डेथ व्हॅली थंडीत, सॅन फ्रान्सिस्को केव्हाही, पण स्वेटर घेऊन. जाताना किल्ली समोरच्या घरी द्या. समोरचं घरही बंद असेल तर आमच्याकडे द्या, झाडांना पाणी मी घालीन.

चहा तयार आहे असं खूण करून सांगताहेत.